झटका मशीनचा झटका कुठे हरवतो?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, मक्याच्या कणसात दाणा भरू लागला अथवा हरभरा घाट्यांवर आला, की शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत एकराचा मका लोळवून जातो आणि रोही हरभऱ्याचे शेंडे खुडत पुढे सरकतात. पूर्वी या राखणीला जागल म्हणत. माळ्यावर बसायचे, डबे बडवायचे, शेकोटी पेटती ठेवायची आणि पहाटे डोळे चोळत घरी यायचे. अलीकडच्या वर्षांत ही जागल अनेक ठिकाणी एका लहानशा डब्याने पत्करली आहे. धुऱ्याभोवती खांब, खांबांवर तार, डब्यात १२ व्होल्टची बॅटरी, वर हातभर सौरपट्टी आणि दर सव्वा सेकंदाला एक कोरडा 'टक' असा आवाज. शहरातल्या वाचकाने तो ऐकला तर भिंतीवरच्या घड्याळाची आठवण व्हावी. गावात त्याला 'झटका मशीन' म्हणतात.

ही यंत्रे बाजारात तयार मिळतात. तथापि तालुक्याच्या गावी, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीत हात बसलेल्या कारागिरांकडून किंवा आयटीआयमध्ये शिकलेल्या तरुणांकडून जुळवून घेतलेली यंत्रेही कमी नाहीत. ती स्वस्त पडतात आणि बिघडली तर दुरुस्त करणारा जवळच असतो. अडचण एवढीच की ती बिघडतात नेमकी नको त्या वेळी. टकटक चालू असते, दिवाही लुकलुकत असतो आणि सकाळी पाहावे तर तारेखालून डुकरे सरळ आत गेलेली असतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून सात-आठ हजार व्होल्ट काढणाऱ्या या घरगुती मंडलात दोष नेमका कुठे आहे, हे शोधणे हा एरवी एखाद्या हौशी तंत्रज्ञाचा विषय ठरला असता. पीक उभे असताना मात्र तो जीवन-मरणाचा विषय होतो.

कारण त्या सकाळी शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, यंत्राचा दोष शोधणे. दुसरी वाट फार सोपी आणि फार भयंकर आहे: विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून किंवा वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून २३० व्होल्टची वीज थेट कुंपणात सोडणे. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेला शेजाऱ्याचा बैल लागतो, रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस लागतो, कधी कधी ज्याने तार लावली त्याच्याच घरातला माणूस लागतो. विदर्भातील वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर या बातम्या दर हंगामात येतात आणि दोन-चार ओळींत संपतात.

येथे वाचकाला एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आठ हजार व्होल्टचा झटका खाऊन डुक्कर पळून जाते आणि २३० व्होल्टने माणूस मरतो, हे कसे? आपल्याकडे व्होल्ट हेच विजेच्या ताकदीचे माप समजण्याची सवय आहे. प्रत्यक्षात जीव घेतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह आणि तो किती वेळ वाहतो ती वेळ. १० ते १५ मिलिअँपिअर प्रवाह हातातून सतत वाहिला, तर स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १ हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेतून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तो थांबत नाही. दर सेकंदाला सुमारे ५३ ज्यूल ऊर्जा त्या देहात उतरत राहते. झटका मशीनचा ठोका मात्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि चांगल्या लहान यंत्रात त्याची ऊर्जा एखाद्या ज्यूलच्या आसपास असते. स्नायू एकदा दचकतो, वेदना होते आणि पुढचा ठोका येईपर्यंत सेकंदभराची उसंत असते. त्या उसंतीतच जनावर मागे सरते. कुंपणाच्या यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याच धर्तीवर आयएस ३०२ मालिकेत जे भारतीय मानक आहे, त्याचा गाभा हाच होय: दोन ठोक्यांमध्ये किमान १ सेकंदाचे अंतर हवे, ठोका १० मिलिसेकंदांहून लांब नको आणि ५०० ओहमच्या रोधात उतरणारी त्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या पुढे जायला नको.

बुलढाणा जिल्ह्यात या फरकाला आणखी एक बाजू आहे. बुलढाणा, खामगाव आणि मोताळा यांच्या मधल्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे. बिबटे आणि अस्वले या जंगलांतून शेतांत उतरतात. २०१९ साली तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टी१-सी१ हा तरुण वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा काही भाग पायी तुडवत डिसेंबरच्या सुमारास ज्ञानगंगेत येऊन पोचला. त्याची ही सुमारे १३०० किलोमीटरची भटकंती तेव्हा देशभर गाजली आणि 'वॉकर' हे नाव त्याला चिकटले. त्याच्या वाटेचा मोठा हिस्सा शेतांतून, तोही रात्रीचा होता. त्यातल्या एकाही धुऱ्यावर त्याला सतत वीज वाहणारी तार आडवी आली नाही, हे त्याचे नशीब म्हणायचे. ब्रह्मपुरी भागातून पकडून बोर अभयारण्यात सोडलेल्या वाघिणीचे नशीब तसे नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने तिचा बळी घेतला. कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. आकडा टाकणे आणि मंजूर कारण सोडून भलत्याच कामाला वीज वापरणे, दोन्ही विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली येतात. वन्यप्राणी मेल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो आणि माणूस दगावल्यास परिस्थितीनुसार निष्काळजीपणाने मृत्यू किंवा थेट सदोष मनुष्यवध. तथापि ज्याचा मका रात्रीतून जाणार आहे, त्याला कलमांपेक्षा चालणारे यंत्र अधिक उपयोगी पडते. म्हणून मूळ प्रश्नाकडे वळलेले बरे.

ठोक्याठोक्याने चालणाऱ्या या यंत्राची कल्पना न्यूझीलंडमधील गुराखी समाजाने रुजवली. १९३० च्या दशकात बिल गॅलाघर या शेतकऱ्याने मोटारीला अंग घासणाऱ्या घोड्याला अटकाव करण्यासाठी विजेचा झटका योजला आणि त्यातून पुढे कुंपणाचा धंदा उभा राहिला. १९६२ मध्ये त्याच देशातील डग फिलिप्स यांनी कंडेन्सरमध्ये साठवलेली ऊर्जा एका क्षणात तारेत सोडण्याची रीत बसवली. त्यामुळे तारेला गवत टेकले तरी ठोका अगदीच मरेनासा झाला. आज खामगाव-चिखलीच्या दुकानांत दिसणारे लहानमोठे डबे याच रीतीने चालतात. मोटारसायकलच्या सीडीआयमध्ये, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्येही तत्त्व हेच आहे. थेंबथेंब भरायचे आणि एकदम ओतायचे.

या डब्याचे चार भाग पडतात. बॅटरीचे १२ व्होल्ट एका छोट्या इन्व्हर्टरमध्ये जातात. तेथे ट्रान्झिस्टर आणि फेराइटचा ट्रान्सफॉर्मर मिळून त्यांचे तीन-चारशे व्होल्ट करतात. डायोडमधून एकाच दिशेने जाऊन ही वीज कंडेन्सरमध्ये साठते. दर सव्वा सेकंदाला एक टायमर एससीआर नावाच्या कळीला इशारा देतो आणि भरलेला कंडेन्सर त्या कळीतून शेवटच्या ट्रान्सफॉर्मरच्या जाड वेढ्यांत रिता होतो. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांतून कुंपणावर हजारो व्होल्टचा ठोका जातो. घरगुती यंत्रात या जागी बहुधा मोटारीची इग्निशन कॉइल बसवलेली असते. हिशेब फार अवघड नाही. १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात ०.८ ज्यूल ऊर्जा साठते. सव्वा सेकंदाला एवढी ऊर्जा म्हणजे पाऊण वॅटही नाही. निम्मी ऊर्जा वाटेत वाया गेली असे धरले, तरी बॅटरीतून १०० ते १५० मिलिअँपिअरच प्रवाह ओढला जातो आणि बारा तासांच्या रात्रीत दीड अँपिअर-तासांच्या आसपास खर्च होतो. ७ अँपिअर-तासांची, स्कूटरमध्ये असते तेवढी बॅटरी याला भरपूर झाली.

हा हिशेब हाताशी असला की निम्मा शोध तेथेच संपतो. बॅटरी मध्यरात्रीच मान टाकत असेल तर दोष दोनपैकी एका ठिकाणी असणार. एकतर बॅटरी जुनी होऊन तिची धारणशक्ती गेली आहे किंवा इन्व्हर्टर गरजेपेक्षा फार जास्त प्रवाह ओढत आहे. मालिकेत मीटर लावून प्रवाह मोजला की निकाल लागतो. बॅटरी तपासताना ती नुसती ठेवून मोजण्याची चूक सर्रास होते. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते आणि तिच्यात काही उरलेले नसले तरी चार्जरवरून काढताच तसाच आकडा दिसतो. यंत्र चालू असताना व्होल्टेज अकराच्या खाली घसरते का, हे पाहायला हवे.

त्याआधी एक पायरी आहे आणि ती वगळल्यामुळेच चांगली यंत्रे विनाकारण उघडली जातात. यंत्र आणि कुंपण वेगळे करावे. कुंपणाची तार सोडवून यंत्र एकटेच चालवले आणि त्याच्या दोन टोकांना कुंपण तपासणीचा दिवा लावला असता तो जोरात पेटत असेल, तर यंत्र निर्दोष आहे आणि शोध शेतात करायचा आहे. दिवा मंदच असेल तर डबा उघडावा. हजारो व्होल्टचा बिघाड म्हटला की लक्ष आधी सर्किटकडेच जाते. पण 'मशीन मारत नाही' या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा जमिनीत नीट न रोवलेली एक लोखंडी सळई असते. तिच्याविषयी पुढे.

डबा उघडायचाच असेल तर एक गोष्ट आधी. कुंपणावरचा ठोका माणसाला दचकवतो, परंतु डब्याच्या आतला ४०० व्होल्टचा कंडेन्सर हे प्रकरण निराळे आहे. बॅटरी काढल्यावरही तो मिनिटेन् मिनिटे भरलेला राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून तो फोडण्याची रीत दुकानांत दिसते. त्यात ठिणगीने कंडेन्सरही दुखावतो आणि डोळाही. काही हजार ओहमचा, दोन-तीन वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड चिमट्यांनी त्याच्या टोकांना धरावा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात लावावा. चांगल्या यंत्रात असा एक रेझिस्टर कायमचाच जोडलेला असतो. आणि यंत्र चालू ठेवून मोजमाप करायचे असेल, तर जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवतात, त्यात शहाणपण आहे. विजेला छातीतून जाण्याची वाट मिळत नाही.

आता टकटक मुळीच नाही, असे यंत्र घ्या. मल्टिमीटर डीसीच्या वरच्या टप्प्यावर ठेवून कंडेन्सरवरचे व्होल्टेज पाहावे. ते तीन-चारशेवर जाऊन तेथेच थांबले असेल तर इन्व्हर्टर, डायोड आणि कंडेन्सर यांची कामे ठीक चालली आहेत. एससीआरला इशारा पोचत नाही. टायमरचा आयसी किंवा गेटकडे जाणारा रेझिस्टर तपासावा. व्होल्टेज शून्यच असेल तर एससीआर आतून जोडला जाऊन बसला आहे की इन्व्हर्टरच बंद आहे, हे पाहावे लागते. बॅटरी काढून, कंडेन्सर रिता करून एससीआरचा एक पाय सोडवावा आणि यंत्र पुन्हा चालवावे. व्होल्टेज चढू लागले तर गुन्हेगार सापडला.

घरगुती यंत्रांचे एक खास दुखणे याहून फसवे आहे. चालू करताच एक 'टक' होते आणि मग पूर्ण शांतता. बंद करून चालू केले की पुन्हा एकच टक. भाग बदलून बदलून कारागीर थकतो, कारण मुळात एकही भाग बिघडलेला नसतो. एससीआर ही कळ एकदा लागली की तिच्यातून वाहणारा प्रवाह एका ठरावीक मर्यादेखाली गेल्याशिवाय ती सुटत नाही. कंडेन्सर रिता झाला तरी इन्व्हर्टर मागून वीज पाठवतच राहतो; तेवढ्या प्रवाहावर कळ लागलेली राहते आणि कंडेन्सर पुन्हा भरतच नाही. ठोक्याच्या क्षणी इन्व्हर्टर काही मिलिसेकंद थांबवणारी जोडणी केली, अथवा भरणीच्या वाटेत पुरेसा मोठा रेझिस्टर घातला की यंत्र सुरळीत चालू लागते. हा आराखड्यातला दोष आहे, दुरुस्तीतला नव्हे. एकाकडून उतरवून घेतलेले सर्किट दहा जणांकडे जाते, तेव्हा त्याच्याबरोबर दोषही दहा घरी जातो.

टकटक आहे पण क्षीण आहे, कंडेन्सरवर जेमतेम शे-दीडशे व्होल्ट दिसतात, अशी तक्रार असेल तर डायोडकडे पाहावे. कोणत्याही दुकानात रुपया-दोन रुपयांत मिळणारा १एन४००७ हा डायोड कागदोपत्री १ हजार व्होल्ट सोसतो, म्हणून तो डोळे मिटून लावला जातो. पण तो घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी घडवलेला आहे. इन्व्हर्टर सेकंदाला वीस-तीस हजार वेळा उघडझाप करतो. तेवढ्या वेगाने १एन४००७ बंद होऊ शकत नाही, आलेली वीज उलट परतू देतो आणि बोट भाजेल इतका तापतो. त्याच्या जागी यूएफ४००७ किंवा एफआर१०७ सारखा वेगवान डायोड लावताच व्होल्टेज चढते. दोन-तीन रुपयांच्या फरकाची ही दुरुस्ती आहे.

कंडेन्सरचेही असेच आहे. जुन्या टीव्हीतून किंवा संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेला ४०० व्होल्टचा गोल इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सहज मिळतो. सव्वा सेकंदाला एकदा सगळी वीज एकदम ओकणे हे त्याचे काम नव्हे. तो आतून तापतो, त्यातील द्रव सुकतो, धारकता घटते आणि एका हंगामात झटका निम्म्यावर येतो. पंख्याच्या किंवा मोटारीच्या कंडेन्सरसारखा प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर या कामाला योग्य असतो. येथेच एका मोहाचा उल्लेख करायला हवा. 'झटका कमी वाटतो, मोठा कंडेन्सर टाकून द्या' ही मागणी दुकानांत हमखास होते. टीव्हीतला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टवर ८ ज्यूल साठवतो. दहा पटीने वाढलेली ही ऊर्जा मानकाने आखलेल्या रेषेला थेट जाऊन भिडते आणि तार कुरतडणाऱ्या वासराचा किंवा खेळताना तारेवर पडलेल्या मुलाचा जीव त्या कारागिराच्या अंदाजावर टांगला जातो. ठोक्यांचा वेग वाढवण्याची मागणीही तशीच. सुटकेची उसंतच त्यात नाहीशी होते. काही ठिकाणी तर बॅटरी, इन्व्हर्टर सगळे बाजूला ठेवून घरच्या विजेलाच रिलेने उघडझाप करवणारी 'मशीन' बनवली जाते. रिलेचे टोक एकदा चिकटले की ती मशीन राहत नाही, आकडाच होतो.

शेवटच्या ट्रान्सफॉर्मरचा बिघाड डोळ्यांनी आणि नाकानेही कळतो. अंधारात डबा उघडून दुरून पाहिले तर वेढ्यांमध्ये निळसर ठिणगी दिसते, विजा कडाडल्यावर येतो तसा ओझोनचा वास येतो, आणि 'टक'ऐवजी दबकी 'चट' ऐकू येते. हजारो वेढे एकाच लांब थरात गुंडाळले की शेजारशेजारच्या थरांत शेकडो व्होल्टचा फरक पडतो. पावसाळ्यात ओल शिरली की तेथेच इन्सुलेशन फुटते आणि एकदा जळालेली काळी रेघ उमटली की वीज पुन्हापुन्हा त्याच वाटेने जाते. वर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. वेढे अनेक लहान कप्प्यांत विभागून नव्याने घालावे लागतात आणि वार्निश किंवा एपॉक्सी ओतून हवेची फट बुजवावी लागते.

या शोधात मल्टिमीटरचा बळी जाण्याचे प्रमाणही बरेच असावे. बहुतेक मीटर ६०० किंवा १ हजार व्होल्टपर्यंतचे. आठ हजारांच्या ठोक्याला ते लावले तर मीटर जातो. आणि वाचलाच, तर एवढा क्षणिक ठोका त्याच्या आकड्यांत मुळी उमटतच नाही. एकच मोठा रेझिस्टर मध्ये घालूनही भागत नाही, कारण पाव वॅटचा सामान्य रेझिस्टर स्वतः दोन-अडीचशे व्होल्टच सोसतो आणि त्यापुढे त्याच्या अंगावरूनच ठिणगी उडते. त्यासाठी अनेकांची साखळी लागते. ठिणगीच्या लांबीवरून व्होल्टेज सांगणारेही भेटतात. कोरड्या हवेत गुळगुळीत, सपाट टोकांमध्ये १ मिलिमीटरला सुमारे ३ हजार व्होल्ट हा हिशेब खरा आहे, पण सुईसारख्या टोकांमध्ये त्याहून कमी व्होल्टवर लांब ठिणगी उडते. टोकदार तारांनी केलेला अंदाज यंत्राची खोटी स्तुती करतो. निऑन दिव्यांची ओळ असलेला कुंपण-तपासणीचा दांडा यापेक्षा स्वस्त आणि खरा.

आता ती सळई. तारेतून जनावरात, जनावराच्या पायांतून मातीत, मातीतून यंत्राच्या अर्थिंगच्या सळईपर्यंत आणि तेथून परत यंत्रात, असा हा फेरा आहे. माती कोरडी किंवा सळई उथळ असेल तर फेरा तुटतो आणि कितीही उत्तम सर्किट असले तरी जनावराला गुदगुल्याच होतात. बुलढाणा जिल्ह्यात मातीचे स्वभाव तालुक्यागणिक निराळे आहेत. काळ्या कपाशीच्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग झकास लागते. हरभऱ्याच्या हंगामाअखेर तीच जमीन वरून सुकून भेगाळते आणि सळईभोवती पोकळी पडते. घाटाच्या कडेला मुरमाड माळावर सळई हातभरही खाली जात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे, खारी माती वीज उत्तम वाहून नेते, पण सळई आणि तिचा जोड तितक्याच वेगाने गंजतो. एकच यंत्र एका गावात मारते आणि दुसऱ्या गावात मारत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते. दीड-दोन मीटरच्या जस्तलेपित तीन सळया तीन-तीन मीटरवर ठोकून एकत्र जोडणे, उन्हाळ्याकडे त्यांना पाणी घालणे आणि खडकाळ जागी कुंपणातच एक आड एक तार अर्थिंगची ठेवणे, हे उपाय जुने आणि सिद्ध आहेत. पंपाच्या किंवा घराच्या अर्थिंगला मात्र यंत्र कधीच जोडू नये. ठोका तेथून पंपाच्या लोखंडावर चढतो. अर्थिंग पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. यंत्र बंद ठेवून शंभर मीटरवर एक लोखंडी कांब जमिनीत ठोकावी, तिच्यातून तार कुंपणाला टेकवावी, मग यंत्र चालू करून अर्थिंगच्या सळईवरच तपासणीचा दांडा धरावा. तेथे दोन-तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर सळया अपुऱ्या आहेत.

अर्थिंग ठीक असूनही तारेवर जोर नसेल तर तो वाटेत कुठेतरी सांडतो आहे. धुऱ्यावरचे गवत, तारेवर कललेली पऱ्हाटी, दोन तारांचा नुसता पिळून केलेला गंजका जोड, उन्हाने तडकलेला प्लास्टिकचा इन्सुलेटर, लाकडी खांबावर खिळ्याने ठोकलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. ही पट्टी कोरडी असताना निभावते आणि पहिल्या दवात हार मानते. दिवसा मोजले तर सारे ठीक, रात्री डुकरे आत, या कोड्याचे उत्तर बहुधा दव हेच असते. म्हणून मोजणी पहाटेची करावी.

एकराच्या कुंपणात असे शेकडो बिंदू असतात. ते एकेक तपासत बसण्यापेक्षा कुंपणाचा निम्मा भाग सोडवून पाहावा. जोर परत आला तर दोष सोडवलेल्या अर्ध्यात, नाही आला तर उरलेल्यात. पुन्हा त्या अर्ध्याचे दोन भाग. पाच-सहा फेऱ्यांत शोध एका खांबापर्यंत येतो. आणि हाताशी जुना, मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून, तारेला हात न लावता, धुऱ्याने चालत जायचे. वीज जेथे ठिणगीने जमिनीत उतरते तेथे प्रत्येक ठोक्याला रेडिओत कडक 'चट' उमटते. जवळ जावे तशी ती मोठी होते, पुढे गेल्यावर मंदावते. मग दोन पावले मागे येऊन बॅटरीचा उजेड बंद करायचा आणि खांबाकडे पाहत थांबायचे. सव्वा सेकंदाने इन्सुलेटरच्या तड्यात निळा ठिपका चमकून जातो.